हरभरा मांडणार नाही

आमच्या तालुक्यात भाकितं ऐकायची सवय जुनी आहे. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, त्याच्याभोवती धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना कोणतं धान्य जागचं हललं ते बघून पाऊसपाणी कसं, पीक कसं ते सांगतात. ऐकायला लांबलांबची माणसं येतात. मी त्याची थट्टा करत नाही, आणि माझ्या चक्कीवर उभं राहून कोणी केली तर त्याचं दळण सगळ्यात शेवटी घेते. पण माझ्या चक्कीवर दर शनिवारी जो घट मांडला जायचा, तो मात्र निव्वळ थट्टेतून सुरू झाला होता. हे गावाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून आता लिहून ठेवते.

चक्की जळगाव जामोदच्या बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. सासऱ्यांनी टाकलेली. नवऱ्याला शेतीचा नाद, म्हणून माझ्याकडे आली. बी.ए. झालेली बाई दिवसभर पिठात पांढरी होऊन बसते याचं लोकांना सुरुवातीला फार वाईट वाटायचं. मला कधी वाटलं नाही. दळण होईपर्यंत बायांना बसायला ओटा आहे आणि ओट्यासमोर भिंतीवर टीव्ही. टीव्ही मी मालिकांसाठी लावला होता. शनिवारी संध्याकाळी मात्र रिमोट माझ्या हातात आणि समोर फुटबॉल. ज्यांना पटत नव्हतं त्या शुक्रवारी दळण आणू लागल्या. बाकीच्यांना हळूहळू गोडी लागली.

फुटबॉल मला लहानपणापासून कळतो. माझे भाऊ शाळेमागच्या मैदानात खेळायचे आणि मला भिंतीवर बसवून चपला राखायला लावायचे. चपला राखता राखता मला ऑफसाइड कळला. भावांना तो अजूनही धड कळलेला नाही. चक्कीच्या शेजारी वेल्डिंगचं दुकान असलेले चाचा तरुणपणी गोलकीपर होते, खामगावपर्यंत सामने खेळून आलेले. त्यांचा डाव्या हाताचा अंगठा वाकडा आहे तो त्या काळातला. शनिवारी शटर अर्धं ओढून ते ओट्याच्या टोकाला येऊन बसायचे, आणि आज कोण जिंकणार यावर आमची जुंपायची. पैज मात्र चालणार नाही, हा माझा नियम. भांडा, पण फुकट भांडा.

एकदा आमचं भांडण काही केल्या मिटेना, तेव्हा मीच म्हटलं, चला, घट मांडू. परात घेतली, तिला आतून पिठाचा हात फिरवला, मधोमध पाण्याची वाटी ठेवली. ज्या दोन टीमचा सामना, त्यांची दोन धान्यं कडेला मांडली, एकीकडे तूर, एकीकडे मूग. परात चक्कीच्या लोखंडी पायाशी ठेवली आणि एका बाईचं ज्वारीचं दळण लावलं. चक्की सुरू झाली की ओटासुद्धा थरथरतो, मग परात काय! दळण संपेस्तोवर ज्याचे दाणे वाटीकडे जास्त सरकले, ती टीम जिंकणार. मूग सरकला. आणि संध्याकाळी मूग जिंकला.

त्यात जादू काही नव्हती. मूग जिंकणार हे मला आधीच माहीत होतं, कारण समोरच्या टीमचा गोलकीपर जखमी होता. म्हणून मी परातीच्या एका बाजूखाली कागदाची घडी सरकवली होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पुढेही दर शनिवारी हेच. चाचा आणि मी डोकं लावून निकाल ठरवायचो, मी त्या हिशेबानं परात कलती करायची आणि दाणे घसरायचे. घडी सगळ्यांना दिसायची. तरी बाया श्वास रोखून बघायच्या आणि भाकीत खरं ठरलं की परातीला नमस्कार करायच्या. चुकलं तर म्हणायच्या, आज पीठ ओलसर होतं. आमच्याकडच्या माणसांना डोळ्यांसमोरची घडी दिसत नाही, घट दिसतो. मला त्याची मजा वाटायची.

आता त्या खेळाडूकडे येते. त्याचं नाव घेणार नाही, गरजही नाही. आमच्या गल्लीच्या वरच्या अंगाला त्याच्या घरच्यांचा मोठा बंगला आहे, आणि नदीकडची निम्मी काळी जमीन त्यांची. लहानपणी आईनं दिलेला दळणाचा डबा माझ्या ओट्यावर ठेवायचा आणि न्यायला विसरायचा, कारण मधल्या वेळात त्याला मैदान आठवायचं. पायात खरंच काहीतरी होतं त्याच्या. दूरच्या मोठ्या शहरातल्या क्लबनं त्याला घेतलं, टीव्हीवर त्याची टीम दिसली, पाठीवर त्याचं नाव दिसलं, तेव्हा मी ओट्यावर नाचले. होय, नाचले. त्याची आई पेढे घेऊन आली आणि त्यांच्याच शेतातल्या हरभऱ्याची एक बरणी माझ्या हातात देऊन म्हणाली, "याच्या टीमसाठी हाच मांडजा, वहिनी." तेव्हापासून त्याच्या टीमचा दाणा म्हणजे हरभरा. हरभरा गोल असतो, परात जराशी हलली तरी वाटीकडे धावतो. हे मला माहीत होतं आणि मुद्दाम चालवून घेतलं. आपला पोरगा होता ना.

एका सामन्यात त्यानं रेफ्रीच्या छातीवर हात मारून त्याला मागे ढकललं. लाल कार्ड मिळालं. ओट्यावरची पोरं टाळ्या पिटत हसली, "वाघ हाये आपला, वाघ!" चाचा उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "रेफ्रीले हात लावला ना, उद्या कोनालेही लावन." आणि दुकानात जाऊन बसले. सामना अर्धा राहिला होता, पण ते परत आले नाहीत.

पुढे सीझनच्या मधल्या सुट्टीत तो गावी आला. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरला. घरची गाडी न्यायला आली होती, पण दोस्तांना रील काढायची होती. मोठा खेळाडू, जुन्या दिवसांसारखा लाल एसटीतून गावात येतो, अशी. सगळे बसमध्ये चढले. त्या गाडीवर कंडक्टर बाई होती. आमच्याच गावची, मला मावशी म्हणते, दर रविवारी दळण आणते. तिची मुलगी दहावीत आहे, आणि त्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलासमोर याच खेळाडूचा फोटो चिकटवलेला होता.

मी गाडीत नव्हते. पण गाडीत बसलेल्या बाया दुसऱ्या दिवशी माझ्याकडे दळण घेऊन आल्या आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. तो चालत्या गाडीच्या दारात बाहेर लोंबकळून हात हलवत होता. ती म्हणाली, आत या. त्यानं ऐकलं नाही. ती पुन्हा म्हणाली, आणि घंटी मारून गाडी थांबवली. रीलचा विचका झाला. तो आत आला आणि त्यानं तिला दोन्ही हातांनी ढकललं. ती सीटच्या लोखंडी दांड्यावर पडली. मनगट मोडलं. दोस्तांनी मोबाइल खाली केले. रील गावभर फिरली ती गाडी थांबण्याआधीची, त्यात तो हसत हात हलवतोय आणि मागे गाणं वाजतंय.

हे सगळं बायांनी मला सांगितलं ते चक्की चालू असताना. हे बाहेरच्याला कळायचं नाही, म्हणून सांगते. चक्कीच्या आवाजात एकीचं बोलणं दुसरीला ऐकू जात नाही, फक्त कानाशी तोंड नेलं तर ऐकू येतं. म्हणून बाया घरात, पाणवठ्यावर, मंदिरात जे बोलत नाहीत ते चक्कीवर बोलतात. सुनेचं, नवऱ्याचं, पोटातल्या गाठीचं. दळण संपलं, चक्की थांबली की सगळ्यांची तोंडं बंद. मी वर्षानुवर्षं ते ऐकत आले आणि पोटात ठेवत आले. कोणाचा नवरा त्या बंगल्याचा ट्रॅक्टर चालवत होता, कोणी त्यांच्या शेतात निंदायला जात होती. त्यांची तोंडं का बंद आहेत ते विचारायची गरज नव्हती.

मग उलटंच झालं. बंगल्यावरून डेपोत तक्रार गेली ती कंडक्टरविरुद्ध. ती प्रवाशाला अपमानास्पद बोलली, तिनं विनाकारण गाडी थांबवली, धक्क्यानं स्वतःच पडली. चौकशी बसली. प्रवाशांपैकी कोणी सांगणारं पुढे आलं नाही तर तिची बदली होणार, थेट घाटावर, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, धाडच्या अंगाला. दहावीतली पोरगी इथे आणि आई तिथे. मनगट प्लास्टरमध्ये घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा रडत नव्हती. फक्त म्हणाली, "मावशी, पोरीनं फोटो फाडला. मी काई बोलली नाई तिले." आणि मला इतका राग आला की हातातलं सूप मी भिंतीवर आदळलं.

त्या शनिवारी मी परात काढली, वाटी ठेवली, समोरच्या टीमची तूर मांडली आणि हरभऱ्याच्या जागी काहीच ठेवलं नाही. विचारलं तर सांगितलं, "ज्यानं बाईवर हात टाकला त्याचा दाणा माह्या परातीत बसनार नाई." पोरं कुरकुरली, बाया खाली बघत राहिल्या. संध्याकाळी त्याची टीम हरली.

आता ती का हरली? समोर गोल उघडा असताना त्यानं चेंडू बाहेर मारला म्हणून हरली. साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. पण आमच्या गावानं काय ठरवलं? चक्कीवर घट मांडला नाही म्हणून हरली. पुढच्या शनिवारी मी पुन्हा जागा रिकामी ठेवली आणि टीम पुन्हा हरली. मग तर झालंच. माझ्या दारात रांग लागली, पण दळणाची नव्हे. घडी घालून परात कलती करणारी बाई मीच, हे ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, तेच हात जोडून म्हणत होते, "काकू, मांडा ना वो हरभरा, काऊन एवढा राग?" बेशरमांनो, मनगट मोडलं तेव्हा कुठे होते तुमचे जोडलेले हात?

त्याचा मोठा काका आला. पांढरे कपडे, मागे दोन माणसं. ओट्यावर बसला नाही, पिठानं कपडे भरतील म्हणून.

"वहिनी, पोरगं तालुक्याचं नाव काढून राह्यलं, आन् तुमी घट बंद केला?"

"घट चालू हाये. हरभरा तेवढा बंद केला."

"त्याच्यानंच टीम हारून राह्यली ना."

"टीम तुमच्या पोराच्या पायानं हारली. तो बाहेर मारते त्याले माही परात काय करन?"

"तुमी मांडला अस्ता तर गेला अस्ता आत."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. एवढी जमीन, एवढी माणसं हाताखाली, आणि हा माणूस मनापासून बोलत होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला, पुतण्याला व्हिडिओवर घेतलं आणि माझ्यासमोर धरला. तिकडे तो टॉवेल गळ्यात घालून बसला होता.

"काकू, सॉरी ना. मांडा आता."

"मले काऊन सॉरी म्हनतं? माह्यं काय मोडलं?"

"मंग कोनाले म्हनू?"

"जिचा हात मोडला तिले. आन् डेपोत सांग, मी ढकललं म्हनून."

टॉवेलनं तोंड पुसत तो म्हणाला, "काकू, तिनं मले सगळ्यायसमोर बोललं. लहान पोराले बोलते तसं. आत ये म्हने."

"तू दारात लोंबकळून राह्यला होता. पडला अस्ता तर तुहा पाय गेला अस्ता. तिनं तुहा पायच वाचवला, गाढवा."

"प्रॅक्टिस हाये, ठेवतो," म्हणाला आणि गेला. काकानं मोबाइल पुसून खिशात घातला, जसं काही माझ्या चक्कीनं तो विटाळला होता. शेजारच्या दुकानातून चाचांनी सगळं ऐकलं होतं. चष्मा कपाळावर सरकवून ते बाहेर आले आणि काकाला म्हणाले, "देखो साब, बॉलले हात लागला तरी शिट्टी वाजते. हितं तर बाईचा हात तुटला. कोनी शिट्टी वाजवली?" काका आपल्या माणसांना खुणावून निघून गेला.

मला वाटत होतं, गाव माझ्या बाजूला येतंय. भीतीनं का होईना, घटाच्या भीतीनं का होईना, त्याला झुकवेल. पण रविवारी कंडक्टर आली ती तणतणत. चांगल्या हातात डबा होता तो तिनं ओट्यावर आपटला.

"मावशी, तुमी माह्या नावानं हे काय मांडून ठेवलं?"

"काऊन, काय झालं?"

"सकाळपासून लोक घरी येऊन राह्यले. माफ करून टाक म्हंते. तू माफ केलं म्हनून सांग, म्हंजे काकू हरभरा मांडतीन, टीम हारून राह्यली म्हंते. म्हंजे हात माहा मोडला आन् टीम बी मीच हारवली?"

गावानं दोषाचं ओझं त्याच्या डोक्यावरून काढलं होतं आणि तिच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि त्यासाठी माझीच परात वापरली होती.

"मले त्याचं हारनं नाई पायजे," ती म्हणाली. "जिंको तो. पाह्यजे तेवढे गोल मारो. त्या दिवशी गाडीत बाया होत्या ना? त्या साऱ्या तुमच्या ओट्यावर येऊन बसतात. त्यायनं जे पायलं ते डेपोत येऊन सांगावं. बस, एवढंच. पुढच्या सोमवारी शेवटची तारीख हाये." त्या रविवारनंतर मध्ये एकच शनिवार होता.

तो शनिवार. ओटा भरला होता, गल्लीतही माणसं उभी होती. आज हरभरा मांडला जाणार की नाही हे बघायला आले होते सगळे. सामना होता तळाच्या टीमशी, त्यांचे दोन चांगले खेळाडू बाहेर. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मी चाचांकडे. निकाल काय लागणार हे आम्हा दोघांनाही स्पष्ट दिसत होतं. आणि हेही दिसत होतं की मी गप्प राहिले आणि टीम जिंकली, तर घटाचा धाक तिथेच संपणार. धाक टिकवायचा तर एकच उपाय होता. हरणार म्हणून सांगायचं आणि देव पाण्यात घालून बसायचं.

मी चक्की चालूच ठेवली होती. एका म्हातारीचं दळण होतं, बाजरी. तिचा मुलगा बंगल्याच्या शेतात कामाला आहे. मी पुढे झाले आणि चक्की बंद केली. पट्टा फडफडत थांबला. भर शनिवारी, दळण अर्ध्यात असताना माझी चक्की कधी थांबलेली कोणी पाहिली नव्हती. इतकी शांतता झाली की बसस्टँडवरच्या गाड्यांची घोषणा ऐकू आली.

"ऐका," मी म्हटलं. "आज त्याची टीम जिंकन. गोल बी तोच मारन. हे माह्यं भाकीत, परातीत दाना नसतांनी. अन् त्यानं बाईले ढकलून तिचं मनगट मोडलं, हे बी खरं. हे दोन्ही एकाच मानसाचं हाये. तो गोल मारते म्हनून दुसरं खोटं होत नाई. ज्याले एकच घ्यावं वाटते त्यानं दुसऱ्या चक्कीवर जावं." कोणी हललं नाही. मग मी बायांकडे वळले. "चक्की चालू होती तवा तुमी मले सारं सांगतलं. आता बंद हाये. आता सांगा."

बाया पदराची टोकं बोटांना गुंडाळत होत्या. मला वाटलं, गेलं सगळं. ती घाटावर जाणार आणि मी इथे परात घासत बसणार. तरी मी चक्कीचं बटण दाबलं नाही. दाबणारच नव्हते. रात्र झाली असती तरी नाही.

मग ती बाजरीवाली म्हातारी कंबरेवर हात ठेवून उठली. "मी तिच्या मांगच्या सीटवर होती," ती म्हणाली, मोठ्यानं, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. "त्यानं ढकललं. दोन्ही हातानं. मी पायलं. माह्या पोराले कामावरून काढतीन त काढू द्या, मरत नाई आमी." तिच्या शेजारची म्हणाली, "मी बी पायलं." पलीकडून एक जण उभी राहिली, कडेवर लेकरू होतं, "पोरगं माह्यं घाबरून रडलं होतं, मले चांगलं याद हाये." मग एकेक करून बोलू लागल्या, एकमेकींच्या बोलण्यात बोलू लागल्या, आणि गल्लीतले बाप्ये मागे सरकले. चाचा ओट्याच्या टोकाला बसून डोळे पुसत होते. मी विचारलं तर म्हणाले, डोळ्यात पीठ गेलं.

संध्याकाळी त्याची टीम जिंकली. गोल त्यानंच मारला, आणि सुंदर मारला, खोटं कशाला बोलू. गावात फटाके वाजले. पोरं माझ्या दारासमोरून ओरडत गेली, "घटाबिगर जिंकलो! काकूचा घट संपला!" मी दारात उभी राहून म्हटलं, "बरं झालं संपला. आता तरी अक्कल येईन." कोणाला आली नाही, तो भाग वेगळा.

सोमवारी आम्ही डेपोत गेलो. स्टँडच्या मागची गल्ली ओलांडली की डेपो, पण त्या दिवशी ते अंतर बायांनी पदर खोचून, रांगेनं, जणू लग्नाच्या वरातीला निघाल्यासारखं कापलं. म्हातारी सगळ्यांच्या पुढे. चौकशीचे साहेब बाहेरगावाहून आले होते. एवढ्या बाया बघून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही सगळ्या कुठून आलात?"

"चक्कीवरून," म्हातारी म्हणाली.

साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. तक्रार निकालात निघाली, बदली टळली. म्हातारीच्या मुलाला मात्र बंगल्यानं खरंच कामावरून काढलं. तो आता चाचांच्या दुकानात वेल्डिंग शिकतो आणि शेतापेक्षा बरं आहे म्हणतो. ही गोष्ट त्या दूरच्या शहरातही पोहोचली. तिथे त्याच्याच टीमचे समर्थक एका सामन्याला मोठं कापड धरून उभे राहिले, आधी त्या बाईला जाब द्या, असं लिहिलेलं. आम्ही ते ओट्यावर बसून टीव्हीवर पाहिलं. ज्यांनी त्याच्या टीमसाठी घसा कोरडा केला असेल, तेच लोक. क्लबनं त्याला काही सामने बाहेर बसवलं. तेव्हा गावातले निम्मे लोक मला येऊन म्हणाले की मी एका पोराचं करिअर बरबाद करायला निघाले आहे. त्या पोराला दोन हात आहेत आणि ते कुठे टाकायचे हे त्यानंच ठरवलं होतं. मी त्याच्या हातांची राखण करायला बसलेली नाही. बंगल्याकडच्या गल्लीनं माझ्याकडे दळण आणणं बंद केलं. ते आता पलीकडच्या चक्कीवर जातात, जिथे पीठ जाडं येतं आणि भाकरी तव्यावर फुटते. फुटू द्या.

तो पुन्हा खेळू लागला. चांगला खेळतो. शनिवारी आम्ही पूर्वीसारखेच निकाल सांगतो, त्याच्या टीमचेही, आणि जिंकणार असेल तर जिंकणार म्हणूनच सांगतो. परात मांडली जाते, कारण बायांना ती हवी असते. फक्त हरभऱ्याची जागा रिकामी राहते. मी नसले आणि दुसरी कोणी मांडायला बसली तरी ती जागा सोडूनच मांडते. मी कोणाला तसं सांगितलेलं नाही. तो सुट्टीत गावी येतो तेव्हा काळ्या काचांच्या गाडीतून येतो. तिच्यासमोर उभा राहिला नाही. सॉरी म्हणाला नाही.

मागच्या आठवड्यात ती रविवारऐवजी शनिवारीच दळण घेऊन आली, ड्यूटी संपवून, खाकी कपड्यांतच. प्लास्टर कधीच निघालंय, पण मनगट पूर्ण वळत नाही. तिकिटाच्या मशीनची बटणं ती आता डाव्या अंगठ्यानं दाबते. ओट्यावर बसली आणि परातीकडे बघून म्हणाली, "आज कोन, मावशी?"

"त्याचीच टीम."

"अन् हरभरा?"

मी वरच्या फळीवरची बरणी दाखवली. "तिथंच हाये. तो तुह्यासमोर येऊन म्हनत नाई तोवर बाहेर निंघनार नाई. मी मेली तरी नाई."

ती बरणीकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती उठली, फळीवरून बरणी खाली काढली, झाकण उघडून एक दाणा दाताखाली फोडून पाहिला.

"किती दिवस त्याची वाट पाहाची, मावशी? कीड लागन याले."

"मंग काय करू?"

"दळून टाका. लय दिवसांत झुणका नाई खाल्ला."

"सालासकट दळल्या जाईन. पिठाले थोडा कडवटपना येईन."

"येऊ द्या."

मी सगळी बरणी चक्कीत ओतली आणि बटण दाबलं. हरभरा सुरुवातीला खूप वाजतो, दगडावर उड्या मारतो, मग एकदम मऊ होतो. परात थरथरली, दाणे वाटीकडे सरकले, बाया माना पुढे काढून बघू लागल्या. ती मात्र परातीकडे बघत नव्हती. पीठ पडतं तिथे तिनं डबा धरला होता, उजव्या हातानं, त्याच मोडलेल्या, आणि दुसरा लावला नाही. डबा भरल्यावर निम्मं पीठ तिनं माझ्या पातेल्यात ओतलं. संध्याकाळी त्याची टीम जिंकली, मी सांगितलं होतं तशीच. आमच्या दोघींच्या घरी झुणका होता.